पकडून सोडलेल्या कुर्ल्या

बादलीत सात कुर्ल्या होत्या. हिरवट-काळ्या, जेमतेम बोटभर, एकीचा डेंगा मोडलेला. मी वाकून पाहिलं आणि हात आपोआप हिशेबाला लागले: ठेचून, पाणी घालून, गाळून घेतलं तर दोन माणसांपुरतं सार निघेल. तेवढ्यात त्या सहा-सात वर्षांच्या पोराच्या बापाने घड्याळात पाहिलं आणि अख्खी बादली ओहोळात उपडी केली.

"अरे अरे!" मी म्हटलं. मराठीत.

"काका, खेळ आहे तो," पुतणी हळूच म्हणाली.

ती इंग्लंडमध्ये इप्सविचला राहते. रविवारी मला वॉलबर्सविक हे समुद्रकाठचं खेडं दाखवायला घेऊन आली होती. गाडी पलीकडे साउथवोल्डच्या बाजूला ठेवली आणि ब्लाइद नदी आम्ही वल्ह्याच्या होडीतून ओलांडली. ही होडी एकच घराणं पिढ्यान्‌पिढ्या चालवतंय म्हणे. पाच मिनिटांचं पाणी, पण मला होडीत बसल्याबरोबर खाडीचा वास आला आणि मी निम्मा घरी पोचलो.

गावात लाकडी पुलावर पोरं पालथी पडलेली. दोरी, टोकाला बेकनचा तुकडा. आम्ही कोंबडीची आतडी बांधायचो. अमावास्येच्या आसपास जायचं, कारण पौर्णिमेची कुर्ली पोकळ. दोरी ताणली की श्वास रोखून, अगदी सावकाश वर घ्यायची, नाहीतर पाण्याच्या काठाशी येऊन ती अशी सोडते की आजोबांच्या शिव्या खाव्या लागत. आजोबा कुर्लीला मागून दोन बोटांत धरून माडाच्या हिराने डेंगे बांधायचे. मला ते कधी जमलं नाही. अंगठ्यावर खूण आहे अजून. इथे मात्र वर्षानुवर्षं स्पर्धा भरायची, सगळ्यांत जड कुर्ली पकडेल तो जिंकला. शेवटी गर्दी आवरेना म्हणून बंद केली. वजन करून सोडून द्यायची! वजन केलेली कुर्ली सोडून देणं मला या वयात शिकता येणार नाही.

मग गावातून फिरलो. हिरवळ, गुलाब, नीटनेटकी घरं. दुपारचे तीन, ऊन पडलेलं, आणि निम्म्या घरांचे पडदे ओढलेले. दाराशेजारी भिंतीला तळहाताएवढी काळी पेटी, तिच्यावर आकड्यांची बटणं. आत किल्ली. मालक लंडनला, भाडेकरू आठवड्याचा, आकडा फोनवर येतो. मी एका पेटीशी जरा जास्तच वेळ वाकलो असणार, कारण कुत्रं घेऊन चाललेल्या बाई थांबल्या आणि फार गोड आवाजात मला काही मदत हवी आहे का, असं विचारलं. नको म्हटलं. त्या तरीही थांबल्या.

पुतणीला हसू आवरेना. म्हणाली, तुम्ही एकटे नाही. 1914 साली चार्ल्स रेनी मॅकिंटॉश, ग्लासगोचा नावाजलेला वास्तुकार, इथे येऊन राहिला. फुलांची चित्रं काढायचा, संध्याकाळी समुद्राकडे पाहत हिंडायचा. बोलणं वेगळं, टपालात जर्मन पत्रं, आणि युद्ध सुरू झालेलं. गावाने त्याला हेर ठरवलं.

चर्च तर भलतंच. पंधराव्या शतकात बंदर भरभराटीला होतं तेव्हा दांडगं बांधलं. पुढे बंदर गाळाने भरलं, गाव खंगलं, एवढं चर्च सांभाळायला पैसा राहिला नाही. तेव्हा 1695 मध्ये रीतसर परवानगी काढून गावकऱ्यांनीच ते बरंचसं उतरवलं आणि उरलेल्या एका कोपऱ्यात प्रार्थना चालू ठेवली. आजही भिंतींच्या सांगाड्याच्या कुशीत ते छोटं चर्च उभं आहे. मला ही माणसं आवडली. आमच्याकडे पडवी पडली की आपण माजघरात सरकतो, तसं. आता त्याच गावात घर घ्यायचं तर लंडनचा पगार लागतो.

परतीच्या होडीत पुतणीने विचारलं, "आपल्या घराची किल्ली कुणाकडे असते हो?"

"शेजारच्या वहिनींकडे. आषाढात फोन आला होता, मागची चार कौलं सरकलीत म्हणाल्या. गणपतीत येतो म्हटलं."

"वहिनी आता किती वर्षांच्या?"

ब्याऐंशी. मी पाण्याकडे बघत राहिलो. मोडक्या डेंग्याची ती कुर्ली उद्या पुन्हा बेकन खायला येणार, नक्की.

"मग त्यांच्यानंतर?"

होडी धक्क्याला लागली. तरीवाल्याने हात पुढे केला.

"बघू," मी म्हटलं.