बेचाळीस अंशात मांडलेला चीज बोर्ड

ताडोब्याच्या मोहर्ली गेटकडच्या एका रिसॉर्टचं स्वयंपाकघर मी सांभाळते. मे महिना हा आमचा ऐन हंगाम. पाणवठ्यावर वाघ हमखास दिसतो म्हणून लोक नेमके याच उन्हात येतात, दिवसभर जिप्सीत भाजून निघतात आणि संध्याकाळी त्यांना गार, खारट, आंबट असं काहीतरी तोंडात टाकायला हवं असतं. त्या दिवशी बावीस जणांच्या ग्रुपने चीज बोर्ड सांगितला होता. वेळ सातची, जागा एसी हॉल. सोबतची फळं मात्र इथलीच आणि याच हंगामातली हवीत, अशी अट.

जेवण नऊला होतं, म्हणून माणशी ६५ ते ७० ग्रॅम चीज धरलं. नुसत्या चीजवरच भागवायचं असेल तर दीडशेपर्यंत जावं लागतं. एकूण दीड किलो: चेडार ५००, जुनं गौडा ४००, बकरीच्या दुधाचं ताजं चीज ३५० आणि खाऱ्या पाण्यातलं फेटासारखं चीज २५० ग्रॅम. ग्रुपच्या ताईंना ब्री, म्हणजे पांढऱ्या सालीचं मऊ चीज, हवं होतं. मी नको म्हटलं. दुधातलं फॅट तिशीच्या पुढे झपाट्याने मऊ होतं आणि ३७ अंशांच्या आसपास जवळजवळ सगळं वितळतं. ब्रीत निम्मं पाणीच असतं, त्यामुळे आमच्याकडे ते ताटात ओघळून पडतं आणि साल तेवढी मागे उरते. जुन्या, घट्ट चीजला तेल सुटलं तरी तुकडा उभा राहतो. परमेजान शाकाहारी पाहुण्यांमुळे गळलं, कारण अस्सल पार्मिजानो वासराच्या रेनेटशिवाय, म्हणजे त्याच्या जठरातल्या दूध गोठवणाऱ्या द्रव्याशिवाय, बनतच नाही. साधं प्रोसेस्ड चीज मात्र या उन्हात सगळ्यांत चिवट. त्यातल्या इमल्सिफायर क्षारांमुळे फॅट धरून राहतं. चवीची माणसं त्याला नाक मुरडतात, मुलांसाठी मी एक वाटी ठेवतेच.

बाकी तीन चीज नागपूरहून बर्फाच्या पेटीतून आली. बकरीचं इथेच केलं. आमच्या भागात बेरारी बकऱ्या आहेत. एकेकीचं दूध जेमतेम, त्यामुळे अडीच लिटरसाठी दोन घरचं गोळा करावं लागतं, आणि ते सकाळीच तापवावं लागतं. बकरीचं दूध जितका वेळ कच्चं राहील तितका बोकडवास चढतो. फॅट फुटून कॅप्रोइक, कॅप्रिलिक ही आम्लं मोकळी होतात, तो हा वास.

दूध मंद आचेवर ८५ अंशांपर्यंत नेऊन उतरवायचं. पाच ग्रॅम सायट्रिक ॲसिड पाव लिटर कोमट पाण्यात विरघळवून बारीक धारेने ओतायचं. मे महिन्यात लिंबू महाग आणि रस कमी, शिवाय प्रत्येकाचा आंबटपणा वेगळा, म्हणून मी लिंबाच्या भानगडीत पडत नाही. हिरवट-पिवळं, निवळ पाणी दिसलं की उरलेलं ॲसिड ओतायचं नाही. जास्त झालं की चोथा रबरट होतो. डाव चालवायचा तो दोन-तीनदाच, तळातून, सावकाश. गाईच्या दुधाचा चोथा घट्ट येतो. बकरीच्या दुधात अल्फा-एस१ केसीन हे प्रथिन कमी असल्याने तो बारीक आणि नाजूक पडतो. ढवळाढवळ केली तर रवा होतो आणि निम्मा फडक्यातून निघून जातो. दहा मिनिटं झाकून ठेवून मलमलच्या फडक्यात बांधायचा. टांगायचा मात्र फ्रिजमध्ये, दोन तास. ओट्यावर टांगला तर या उकाड्यात आतून आंबूस होतो. दाबायचा अजिबात नाही. त्या दिवशी साधारण ४०० ग्रॅम निघालं. त्यात चार ग्रॅम मीठ घालून चार सेंटिमीटर जाडीच्या वळकट्या केल्या. निवळीत भाकरीचं पीठ भिजवलं.

या वळकट्या जवसाच्या चटणीत घोळवायच्या होत्या. जवस तडतड थांबेपर्यंत भाजायचा, पूर्ण गार करायचा, मग भिवापुरी मिरची आणि मीठ घालून जाडसर कुटायचा. लसूण नाही; कच्चा लसूण बकरीची चव मारून टाकतो. आणि घोळवायचं ते वाढायच्या अर्धा तास आधी, त्याआधी नाही. जवसाला ओल लागली की त्याचा बुळबुळीत चीक सुटतो. सकाळी घोळवून ठेवलेली वळकटी संध्याकाळी हाताला शेवाळासारखी लागते.

फळांत वैनगंगेच्या रेतीतलं डांगर, म्हणजे खरबूज, होतं, टरबूज होतं, कैरी, काकडी, बैंगनफल्ली आंबा आणि जंगलातली चार, म्हणजे चारोळीची फळं. गावरान आंबा चोखायचा, त्याच्या फोडी होत नाहीत. बैंगनफल्ली किंचित करकरीत असतानाच कापली तर फोड धरून राहते. टरबुजाचे अडीच सेंटिमीटरचे चौकोन करून चाळणीत पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये निथळवले. हे टाळलं की बोर्डावर लाल पाणी पसरून शेजारचं चेडार गुलाबी दिसायला लागतं. कैरीच्या कापांना मीठ लावलं नाही, पाच मिनिटांत पाणी सुटतं. खारटपणा चीज देतंच. काकडी देठाकडून चाखून घ्यायची, उन्हाळ्यात एखादी कडू निघते. चारोळीचं हे फळ जांभळं-काळं, आंबटगोड, आत कठीण बी. त्यासोबत बियांची रिकामी वाटी ठेवावीच लागते, नाहीतर पाहुणे बिया हातात धरून बसतात. टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, मी घेत नाही. पूर्ण पिकली नसतील तर घशाला तुरट ओढ बसते, आणि पिकली की चिकट गर बियांना सोडत नाही.

संत्री का नाही, हा प्रश्न दरवेळी येतो. नागपूर जवळ म्हणून लोकांना बारा महिने संत्री दिसावीत असं वाटतं. संत्र्याला दोन बहार: मृग बहार फेब्रुवारी-मार्चमध्ये उतरतो, आंबिया पावसाळा संपताना. मे महिन्यात झाडावर तोडण्याजोगं काही नसतं. संत्र्याच्या सालीचा मुरंबा ठेवला, तो चेडारबरोबर छान जातो. गौडासाठी मोह. वाळलेली मोहफुलं १०० ग्रॅम, तीन पाण्यांतून धुऊन, कारण वेचताना रेती येतेच. वीस मिनिटं भिजवून ३०० मिली पाण्यात मऊ होऊन चिकट होईपर्यंत आटवायची. साखर लागत नाही. फ्रिजबाहेर ठेवली की या गरमीत बघता बघता फेस धरतात, मग तो पदार्थ वेगळ्या खात्यात जातो.

कुरकुरीत म्हणून ज्वारीचे भाजलेले पापड, कडक वाळवलेल्या भाकरीचे तुकडे आणि वर्ध्याचा गोरसपाक. तुपातला, भुसभुशीत, गोड. जुन्या गौडाबरोबर मला तो कुठल्याही विलायती बिस्किटापेक्षा बरा वाटतो.

साडेचारच्या सुमारास कोरडं वादळ आलं. पाऊस थेंबभर नाही, नुसती धूळ, आणि लाइन गेली. जनरेटरवर स्वयंपाकघर आणि दोन डेझर्ट कूलर एवढंच चालतं, हॉलचे एसी नाहीत. सहाला ठरलं की कार्यक्रम वऱ्हांड्यात घ्यायचा, कूलर लावून. फ्रिज जनरेटर लागेपर्यंत उघडू दिला नाही. दार बंद असेल तर चार तासांपर्यंत गारवा टिकतो. अडचण चीज गार ठेवण्याची नव्हतीच. हवा बदलली होती, अडचण ती होती.

आमच्याकडे तापमान आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर आहे. वऱ्हांड्यात कूलरसमोर ते ठेवलं: ३१ अंश, आर्द्रता ६५ टक्के. बाहेर अंगणात, कडुनिंबाखाली: ४२ अंश, १८ टक्के. कोणीही म्हणेल, बोर्ड कूलरसमोर मांडा. पण ३१ अंश आणि ६५ टक्क्यांना दव धरण्याचं तापमान साडेतेवीसच्या आसपास येतं. म्हणजे त्यापेक्षा गार असलेल्या प्रत्येक वस्तूवर पाणी धरणार. पाच अंशांचं चेडार तिथे उघडलं की मिनिटभरात ओलं, आणि ते पाणी सुकेपर्यंत आतलं फॅट मऊ. वर बुळबुळीत थर. अंगणातल्या कोरड्या हवेत तोच आकडा तेरा अंशांवर येतो. तिथे चीज चौदा-पंधरा अंशांपर्यंत आलं की उघडायला मोकळं. भट्टीसारखी वाटणारी जागा चीजला जास्त मानवते, हे ऐकून आमच्या वाढप्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

तेवढ्यात कुणीतरी नमुन्याची थाळी कूलरसमोर ठेवली होती. मदतीला असलेल्या मावशी पापड हातात घेऊन आल्या. "ताई, या पापडाले काय झालं जी? आत्ताच तं कुडकुडीत होते." पापड कापडासारखा वाकत होता. मग कुणाला जास्त समजवावं लागलं नाही.

टेबल अंगणाच्या कडेला, सावलीत, कूलरच्या झोताच्या बाहेर लावलं. कूलर पाहुण्यांच्या खुर्च्यांकडे वळवले. लाकडी फळ्या बाजूला ठेवून मातीचे मोठे परळ घेतले, दुपारी झाडांसाठी आणलेले, कोरे. तासभर पाण्यात बुडवून ठेवले आणि पुसून उपडे मांडले. कोरड्या हवेत मातीतून पाणी उडत राहतं आणि परळ माठासारखा गार पडतो. हवेच्या त्या कोरडेपणात ओली वस्तू तेवीस अंशांपर्यंत उतरू शकते. आमच्या परळांवर तापमान मोजायचा प्रोब २६ दाखवत होता. बेचाळीसच्या हवेत सव्वीसचं बूड म्हणजे चांगलीच सोय. ओली माती चीजला लागू नये म्हणून वर पळसाची धुऊन पुसलेली पानं. मे महिन्यात पळसाला नवी पालवी असते, पानं लवचीक मिळतात.

चीज फ्रिजमधून काढलं तरी बटर पेपर सोडायचा नाही. दव धरायचं ते कागदावर धरतं. दहा मिनिटांनी कागद पुसायचा, मग उघडायचं. चेडारचे पातळ काप न करता दीड सेंटिमीटरचे चौकोन केले. काप या हवेत पंधरा मिनिटांत कडांनी वाकतात आणि तडकतात. गौडा कापला नाही, सुरीचं टोक खुपसून ओबडधोबड फोडला. फेटा खाऱ्या पाण्यातच वाटीत ठेवून बाजूला डांगराच्या फोडी. मांडताना आधी वाट्या, मग चीज, मग फळं. पापड, भाकर, गोरसपाक यांतलं काही परळावर ठेवलंच नाही. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, मूठ-मूठ काढून.

सगळं एकदम मांडायचं नाही. दीड किलोचे तीन भाग केले आणि वीस-वीस मिनिटांनी नवा परळ पाठवला. बत्तीस अंशांच्या वर उघडं राहिलेलं ताजं चीज तासाभराने टाकायचं, हा नियम आम्ही मोडत नाही. परळावर वेताची टोपली आणि तिच्यावर ओलं मलमल. कापड चीजला टेकू द्यायचं नाही.

दुसरा परळ जाताना सजावटवाल्या पोराने हौसेने गुलाबी फुलं खोचली. कण्हेर होती. रिसॉर्टच्या बागांत उन्हाळ्यात ती फुललेली असतेच, आणि त्याचं पान, फूल, देठ, चीक सगळंच विषारी. तो परळ तसाच परत घेतला, फुलांना टेकलेली फळं आणि चीज टाकलं, परळ बाजूला केला. पोराला म्हटलं, "भाऊ, फुलं टेबलावर लाव, खायच्या वस्तूला नाही." तो बिचारा घाबरला. आता सजावटवाल्यांना आधीच सांगते: खाण्याजवळ फक्त खाण्याचंच पान किंवा पळस.

चारोळीची फळं सगळ्यांत आधी संपली, मग जवसातलं बकरीचं चीज. टरबुजाला कुणी फारसं विचारलं नाही, डांगर आणि फेटा मात्र दोनदा भरला. मोहाबद्दल प्रत्येकाने विचारलं की यात दारू आहे का. नव्हती.

रात्री आवरताना परळावर उरलेलं बकरीचं चीज आणि फेटा टाकून दिला. कागदात बंद राहिलेला चेडारचा तुकडा फ्रिजमध्ये परत गेला. तेल सुटलेले चौकोन दुसऱ्या दिवशी भाकरीच्या पिठात किसून घालायचा मोह होतो, पण ते उघड्यावर किती वेळ होते याचा हिशेब नसेल तर तेही टाकायचं. कूलरसमोर नरमलेले पापड मावशींनी सकाळी तव्यावर कोरडे भाजले, पुन्हा कुडकुडीत झाले. गोरसपाक नरमला तर तो परत येत नाही, म्हणून त्याचा डबा अंगणात उघडायचा आणि झाकण हातातच ठेवायचं.