बुजलेली चाळणी

महोत्सवी अंकासाठी मी आठवणींऐवजी आपल्या प्रयोगशाळेतल्या एका काचपट्टीबद्दल लिहितो. भोपळ्याच्या खोडाचा छेद. या वेलाच्या चाळणी नलिका चांगल्या रुंद असतात, म्हणून रसवाहिनी, म्हणजे पानांत बनलेलं अन्न वाहणारी ऊती, पाहायला याच्याइतकं सोयीचं खोड नाही.

जलवाहिन्या मेल्यावर कामाला लागतात; चाळणी नलिका जिवंतपणी वाहते. मात्र पक्व होताना तिच्या पेशी केंद्रक, रायबोसोम, रिक्तिकेचं पटल सारं सोडून देतात. आत वाट मोकळी होते, पण स्वतःचं काही करायची ताकद उरत नाही. ते काम शेजारची सहपेशी करते. दोघी एकाच मातृपेशीच्या उभ्या विभाजनातून जन्मतात. सहपेशीत केंद्रक शाबूत आणि तंतुकणिका भरपूर. मधल्या भिंतीतल्या बारीक जीवद्रव्य-धाग्यांतून ती नलिकेला जगवते. रसवाहिनीतली बाकी मूलऊती साठवण करते आणि तंतू आधार देतात. या चौघांत मृत फक्त तंतू.

दोन पेशींमधली आडवी भिंत म्हणजे चाळणी पट्टिका. तिची छिद्रं साधारण १ ते १५ मायक्रोमीटरची. काचपट्टीवर मात्र ती बहुधा बुजलेली दिसतात, आणि विद्यार्थी तशीच आकृती काढतात. दोष पात्याचा आहे. नलिकेत रस मोठ्या दाबाखाली असतो. खोड कापताच दाब सुटतो, रस कापाकडे धावतो आणि त्यातलं प्रथिन पट्टिकेवर अडकतं. वर कॅलोज हा चिकट कर्बोदक पदार्थ साचतो. जिवंत वेलाला हे जखम बांधण्यासारखंच. छिद्रं एरवी खरोखर बंद असती, तर जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ म्युंखनं १९३० मध्ये मांडलेला दाबप्रवाह, म्हणजे दाबाच्या फरकानं रस वाहणं, चाललाच नसता.

कापण्याआधी वेल थोडा मलूल होऊ द्या. दाब उतरतो, गाळ कमी साचतो. पातं ओलं ठेवा, छेद पारदर्शक होईल इतका पातळ घ्या. जाड छेदात पेशींचे थर एकमेकांवर येतात. १ टक्का सॅफ्रानिन या लाल रंगात ३ ते ५ मिनिटं, पाण्यानं धुऊन थोडा वेळ ॲनिलिन ब्लू या निळ्या रंगात, मग ग्लिसरीन. कव्हरस्लिप तिरपी टेकवून सावकाश सोडा, नाहीतर हवेचे बुडबुडे चाळणी भासतात.

जलवाहिन्या लाल, रसवाहिनी निळी दिसेल. भोपळ्यात ती जलवाहिनीच्या बाहेर आणि आत, दोन्हीकडे असते; आतल्या पट्ट्याला भेंड समजू नका. ४०० पट मोठं करून ठिपक्यांची गोल जाळी शोधा. तिच्या कडेला चिकटलेली अरुंद, गर्द पेशी म्हणजे सहपेशी.