दोराला शेकडो हात

कॅनडात व्हँकुव्हरला यूबीसी (युनिव्हर्सिटी ऑफ ब्रिटिश कोलंबिया) च्या कॅम्पसवर मी मेंटेनन्सला आहे, बॅरिकेड लावा, केबल झाका, कार्यक्रम झाला की आवरा, असलं काम. १ एप्रिल २०१७ ला शनिवार असून ड्युटी लागली कारण मेन मॉलवर, म्हणजे कॅम्पसच्या मधल्या मोठ्या रस्त्यावर, रिकन्सिलिएशन पोल, म्हणजे समेटाचा कोरीव लाकडी खांब, उभा करायचा होता. मला वाटलेलं क्रेन येईल आणि तासाभरात उरकेल. पण कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या मूळनिवासी हायडा लोकांची रीत दोरांनी ओढून उभा करायची! ५५ फुटांचा खांब, ८०० वर्षांच्या रेड सीडर झाडाचा, आणि दोराला शेकडो माणसं, जत्रेत रथाला लागतात तशी.

खांब आडवा होता तोवर जवळून बघून घेतला. जेम्स हार्ट या हायडा शिल्पकाराचं काम. मधोमध निवासी शाळा कोरलीय, कॅनडात मूळनिवासींच्या मुलांना घरापासून तोडून ठेवायचे तसली, त्याचे आजोबा जिथे होते त्या शाळेसारखी. वर एकमेकांना धरून उभी मुलं, युनिफॉर्मवर नंबर. आणि त्यांना पायच नाहीत, कारण त्या काळात पायाखाली जमीनच उरली नव्हती त्यांच्या. हे कळल्यावर मला पुढचं बघवेना.

मग ते तांब्याचे खिळे. ६८ हजारांवर आहेत, त्या शाळांमध्ये मरण पावलेल्या मुलांच्या आठवणीत, आणि ठोकले कुणी तर शाळेतून जिवंत परत आलेल्यांनी, त्यांच्या घरच्यांनी, शाळकरी पोरांनी. कॅनडात दीड लाख मुलं अशी घरातून उचलून नेली, भाषा बोलली की मार, आणि शेवटची शाळा बंद झाली १९९० च्या दशकात, म्हणजे मी स्वतः दप्तर घेऊन शाळेत जात होतो तेव्हा ही चालू होती.

माझ्या शेजारी एक आजी दोर धरून होत्या, ओढायचं बळ नव्हतं पण सोडायला तयार नाहीत. भावासाठी खिळा ठोकलाय म्हणाल्या, बाकी काही नाही. मी बॅरिकेड सोडून त्यांच्या मागे दोराला लागलो, सुपरवायझरने बघितलं, आणि थोड्या वेळाने तोही आला.

मला या खांबाचं सगळ्यात पटतं ते हे की शाळा हा त्याचा फक्त मधला भाग आहे, खाली शाळांच्या आधीचं जग आहे, वर परत आईबाप आणि मुलं आहेत, टोकाला उडायच्या तयारीतला गरुड. या लोकांची गोष्ट शाळेपाशी संपत नाही हे त्यात ठणकावून सांगितलंय.

व्हँकुव्हरला आलात तर मेन मॉलच्या दक्षिणेकडे जा, लांबून फोटो काढून निघू नका, जवळ जाऊन खिळे बघा.