पॉवर विंडोला ऑटो-अप: करंट सोडला, हॉल सेन्सर धरला

राम राम मंडळी, ऑटो-अपचं काम मार्गी लागलंय. जुन्या हॅचबॅकची ड्रायव्हर साईडची काच एका टचमध्ये वर जायला पाहिजे अन् मधे कुणाचा हात आला तर आपोआप खाली, एवढंच करायचंय. घरात लहान पोरं आहेत, त्यामुळे हा दुसरा भाग पक्का झाल्याशिवाय मी दाराचं आतलं पॅड परत बसवणार नाही.

दार अजून उघडलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: मोटर साधी 12 व्होल्टची, दोनच वायरी, बटण फक्त प्लस-मायनस उलटं करतं. बटण सोडलं की दोन्ही वायरी अर्थला, म्हणून मोटर जागेवर थांबते, आणि वर्म गिअरमुळे काच वरून दाबली तरी उतरत नाही. मीही दोन रिले (करंटवर चालणारे स्विच) तसेच लावलेत, एका वायरीला एक. दोन्ही एकदम ओढले गेले तरी दोन्ही टोकांना प्लस, मोटर गप्प, शॉर्ट नाही. फार सुंदर जुगाड आहे हा.

आधी एसीएस712 हा करंट मोजणारा सेन्सर लावून बघत होतो. पण मोटर सुरू होतानाचा झटका, काही अडकल्याचा करंट अन् काच वर टेकल्याचा करंट, तिघं सारखेच दिसतात. त्यात इंजिन बंद असताना साडेबारा व्होल्ट, चालू असताना चौदाच्या आसपास, मग लिमिट धरायची कुठली? आणि आपला मे महिना, जळगाव-भुसावळला पारा 45 वर गेला की उभ्या गाडीत वाइंडिंग तापून रेझिस्टन्स वाढतो, बिडिंगचं रबर कडक झालेलं, वर धूळ, म्हणजे सकाळचं रीडिंग दुपारी कामाचं नाही. आमचा ऑटो इलेक्ट्रिशियन एक नजर टाकून म्हणाला, "मोटर चांगली शे भाऊ, आधी रबर दखा." खरंच, चॅनल धुऊन सिलिकॉन स्प्रे मारला (ग्रीस नको, धूळ धरतं) आणि काच निम्म्यात रेंगाळायची ती थांबली.

आता भंगारातून हॉल सेन्सरवाली, म्हणजे चुंबक ओळखणाऱ्या सेन्सरची मोटर आणलीय. शाफ्टवर गोल चुंबक, शेजारी दोन सेन्सर, दोघांच्या पल्स थोड्या मागेपुढे. कुठली आधी येते त्यावरून दिशा कळते, मोजत गेलं की काच कुठंय ते कळतं, अन् दोन पल्समधला वेळ लांबला की समजायचं काहीतरी अडलं. अमेरिकेचा एफएमव्हीएसएस 118 नियम सांगतो की 4 ते 200 मिलिमीटर जाडीची दांडी मधे आली तर दाब 100 न्यूटन, म्हणजे साधारण दहा किलो व्हायच्या आत काच उलटी फिरली पाहिजे. शेवटच्या 4 मिलिमीटरला काच रबरात घुसते, तिथं तपासणी बंद ठेवायची. करंटवाल्या पद्धतीत ही जागाच कळत नाही, म्हणून ती सोडली.

लाकडी दांडीला काच लगेच परतली. मग भरताचं वांगं धरलं, तर पल्स एकदम न लांबता हळूहळू लांबत गेल्या आणि काच चांगली रुतल्यावर फिरली. हात वांग्यासारखाच मऊ असतो, म्हणून आता मागच्या पल्सशी तुलना न करता त्याच जागेच्या नेहमीच्या वेळेशी करतोय, तो आख्खा तक्ता मेमरीत ठेवलाय. आता वांग्यावर नुसता वळ उठतो.

बॅटरी काढली की मोजणी जाते, तेव्हा बटण धरून काच पूर्ण वर टेकवेपर्यंत ऑटो-अप बंदच राहील असं कोडमध्ये टाकलंय. राहिला कच्चा रस्ता, खड्ड्यात काच हादरली की पल्स विस्कटतात. पुढच्या वेळी शेताच्या वाटेवरचं रीडिंग टाकतो.