आमची वाटचाल : मासे ठणठणीत, कोरल मात्र जात होते

फोंड्याला वडिलांचं इलेक्ट्रिकल सामानाचं दुकान होतं. 2008 साली त्यांनी गाळ्याचा रस्त्याकडचा अर्धा भाग मला दिला आणि मी तिथे नऊ काचेच्या टाक्या मांडल्या. गप्पी, मोली, एंजल, गोल्डफिश. वायर, स्विच घ्यायला आलेली माणसं सोबत मुलं आणायची, मुलं टाक्यांपुढून हलायची नाहीत आणि शेवटी बाप दोन मासे पिशवीत घेऊन घरी जायचा. पहिली चार वर्षं धंदा असा पोरांच्या हट्टावर चालला. ओपाचं नळाचं पाणी क्लोरीन जाईपर्यंत उघडं ठेवायचं, एवढं ज्ञान तेव्हा पुरत होतं.

खाऱ्या पाण्याकडे मी वळलो 2012 मध्ये. उत्तर गोव्यातल्या एका हॉटेलला लॉबीत समुद्री टाकी हवी होती. समुद्र दाराशी असताना मीठ विकत कशाला आणायचं, असं मला वाटलं. पहाटे पाचला दोनापावलाला जायचं, कॅन भरायचे, कापडातून गाळून टाकीत घालायचे. नोव्हेंबर ते मे सगळं सुरळीत चाललं. जूनमध्ये पाऊस लागला. मांडवी आणि जुवारी दोन्ही नद्या गोडं पाणी घेऊन तिथेच समुद्राला मिळतात, हे शाळेत शिकलो होतो; पण कॅन भरताना आठवलं नाही. जुलैच्या पहिल्या आठवड्यात कॅनमध्ये पाण्याचा खारेपणा मोजणारा हायड्रोमीटर सोडला तर 1.025 ऐवजी 1.014. तोवर दोन वेळा पाणी बदलून झालं होतं. त्या टाकीतलं एकही कोरल, म्हणजे प्रवाळ, वाचलं नाही. मी हॉटेलचे पैसे परत केले आणि त्यानंतर आजतागायत समुद्राचं पाणी कुणाच्या टाकीत घातलेलं नाही. आरओचं पाणी आणि मोजून घातलेलं कृत्रिम समुद्री मीठ, एवढंच.

त्याच सुमारास आणखी एक गोष्ट ठरवली. ग्रांदे बेटाच्या आसपास प्रवाळ आहेत हे गोव्यात सगळ्यांना ठाऊक आहे, आणि ‘तिथलं एखादं आणून देशील का’ असं विचारणारे अजून भेटतात. आम्ही हात जोडून नाही म्हणतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 2001 पासून सगळी खडक बांधणारी प्रवाळं पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. त्यांना हात लावायचा नाही. आमच्याकडे येतात ती परदेशातून कागदपत्रांसह आलेली मऊ कोरलं आणि त्यांचेच आम्ही इथे वाढवलेले तुकडे. यामुळे गिऱ्हाईक कमी मिळालं, पण त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही.

आमच्या दुकानाला खरं वळण मिळालं ते 2022 च्या उन्हाळ्यात, पर्वरीतल्या एका घरी.

काका बँकेतून निवृत्त झालेले, काकू शिक्षिका होत्या. मुलगा परदेशात. लॉकडाऊननंतर त्यांनी आमच्याकडून तीनशे लिटरची टाकी करून घेतली. क्लाऊन माशांची जोडी, एक ब्लेनी मासा, दोन क्लीनर श्रिम्प म्हणजे कोळंब्या, दहाएक टर्बो गोगलगायी. कोरलांत लेदर, मश्रूम, तीन रंगांचे झोअँथस आणि झेनिया. झेनियाचा प्रत्येक पॉलिप, म्हणजे वसाहतीतला एकेक जीव, लहान मुलाच्या मुठीसारखा उघडतो, मिटतो, परत उघडतो. दिवसभर थांबत नाही. काकू दुपारी जेवण झालं की त्याच्यासमोर खुर्ची घेऊन बसत.

मेच्या सुरुवातीला काकूंचा फोन आला. ‘अरे, झेनिया दिसतच नाही रे. काल रात्री होता.’ झेनिया तसाही एका रात्रीत विरघळून जाण्याबद्दल बदनाम, म्हणून मी म्हटलं, वाट बघू. आठवड्याने लेदर मिटलं. लेदर मधूनच अंगावरची मेणासारखी साय टाकतं आणि तेव्हा आठदहा दिवस मिटून बसतं, म्हणून परत म्हटलं, वाट बघू. दोन्ही वेळा माझं चुकलं. तिसऱ्या फोनला गेलो तेव्हा झोअँथसची वसाहत घट्ट मिटलेली होती, कडेचे पॉलिप करडे पडून गळत होते, आणि टाकीचं झाकण उचललं की सडल्याचा वास नाकात जात होता. काकांनी गॅसवर पाणी ठेवलं होतं; तो दगड काढून उकळत्या पाण्याने धुवायचा त्यांचा विचार होता. मी आधी गॅस बंद केला. झोअँथसच्या अंगात पॅलिटॉक्सिन नावाचं विष असू शकतं. दगडावर गरम पाणी पडलं की ते वाफेबरोबर श्वासात जातं आणि माणसं हॉस्पिटलात पोहोचतात. ज्यांच्या घरी झोअँथस आहे त्यांनी एवढं तरी लक्षात ठेवाच : हातमोजे, चष्मा, आणि गरम पाणी कधीच नाही.

मग तपासण्या. क्षारता 35, तापमान 26, अल्कलिनिटी 8.3, कॅल्शियम 420, मॅग्नेशियम 1320, नायट्रेट 5, फॉस्फेट 0.05. पुस्तकात छापावेत असे आकडे. क्षारता मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर चुकतोय का म्हणून 35 च्या प्रमाण द्रावणावर परत लावून पाहिला, बरोबर होता. दिवे बदलून पाहिले. पंपातून पाण्यात वीज उतरतेय का ते मीटर लावून पाहिलं. पाणी हलतं ठेवणाऱ्या वेव्हमेकरच्या चुंबकावरचं प्लॅस्टिक फुटून आत गंज तर नाही ना, म्हणून दोन्ही चुंबकं काढून भिंगातून बघितली. काही नाही. आणि मासे? मासे मजेत. हात दिसला की वर येऊन खायला मागत होते.

झोअँथस खाणारा एक बारीक समुद्री गोगलगायीसारखा किडा असतो, त्याच्याच रंगाचा होऊन दगडाखाली लपतो आणि रात्री बाहेर येतो. तो शोधायला एका रात्री मी त्यांच्या हॉलमध्ये लाल टॉर्च घेऊन दीड वाजेपर्यंत बसलो. किडा दिसला नाही. दिसली ती एक टर्बो गोगलगाय, वाळूवर उताणी. सरळ केली तर पाय हलवेना, पाय शिंपल्याबाहेर लोंबत होता. टॉर्च फिरवला. दुसरी उताणी. तिसरी. काचेवर एकही नव्हती. आणि तेव्हा लक्षात आलं, श्रिम्प कधीपासून दिसलेले नाहीत? काकू म्हणाल्या, ‘दोन आठवडे झाले असतील. कात टाकून लपलेत असं आम्हाला वाटलं.’

कणा असलेला प्रत्येक जीव ठणठणीत आणि बिनकण्याचा प्रत्येक जीव मरतोय, हे एकदा असं समोर मांडलं की डोळ्यांपुढे पहिलं नाव येतं ते तांब्याचं. माशांना पांढऱ्या ठिपक्यांचा रोग झाला की आम्ही वेगळ्या टाकीत त्यांना तांब्याचंच औषध देतो. मासा ते सोसतो, कोरल, गोगलगाय, कोळंबी सोसत नाहीत. माझ्या पोटात गोळा आला, कारण तांबं असलेली ती एक टाकी आमच्याच दुकानात होती. आमची जाळी, आमचा पाइप, आमच्या दुकानातल्या पोराची बादली तर तिथून इथे आली नाही? घरी न जाता दुकान उघडलं आणि पहाटेपर्यंत सगळं सामान तपासलं. त्या टाकीच्या सामानाला लाल टेप लावलेली असते, ती सगळी जागच्या जागी होती. तरी मनाला खात्री वाटेना.

घरगुती किटने तांबं शून्य आलं. पण किट औषधाच्या मात्रेसाठी बनवलेलं असतं. त्याच्या खालचं त्याला दिसत नाही आणि कोरलांना तेवढंही पुरतं. म्हणून पाण्याचा नमुना आयसीपी तपासणीसाठी, म्हणजे धातूचा अगदी सूक्ष्म अंशही मोजणाऱ्या तपासणीसाठी, जर्मनीतल्या प्रयोगशाळेला पाठवला. अहवाल यायला अठरा दिवस लागले. दरम्यान फिल्टरमध्ये अशुद्धी शोषणारा कार्बन भरला आणि जे कोरल जगेल असं वाटलं ते दुकानात आणलं. अहवालात तांबं लिटरमागे 38 मायक्रोग्रॅम होतं. मोकळ्या समुद्रात ते एकसुद्धा नसतं. अॅल्युमिनियम आणि जस्तही वाढलेलं.

तांबं आहे हे कळलं, पण येतं कुठून? टाकीत पितळ नाही, तांब्याची नळी नाही, घरचं आरओ मशीन मीच बसवलेलं आणि त्याच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा आकडा, शून्य.

उत्तर अगदी सहज मिळालं. एरवी मी त्यांच्याकडे अकराला जातो. त्या दिवशी पाणी बदलायचं म्हणून सातला गेलो. काका बाल्कनीतून निळी बादली घेऊन आले आणि मगने टाकीत पाणी घालू लागले.

‘काका, हे कुठलं पाणी?’

‘एसीचं. तूच म्हणालास ना, आरओ नाही तर डिस्टिल्ड चालतं? हे वाफेचंच पाणी की. आणि तुझं मशीन एक लिटर देताना तीन लिटर मोरीत सोडतं. मे महिन्यात नळाला तासभर पाणी, मला ते सोडवेना.’

त्यांचं काय चुकलं? हवेतली वाफ थंड होऊन पडलेलं पाणी डिस्टिल्डच असतं, अगदी पडेपर्यंत. पण ते थेंब तांब्याच्या कॉइलवरून आणि अॅल्युमिनियमच्या पत्र्यांवरून ओघळत खाली येतात आणि थोडं थोडं धातू घेऊन येतात. झाडाला घातलं तर काही बिघडत नाही. टाकीचं गणित वेगळं आहे. एसी असलेल्या खोलीत त्या टाकीतून रोज चार लिटर पाणी उडत होतं. उडतं ते निव्वळ पाणी. धातू मागे राहतो. मार्चच्या मध्यापासून नमुना घेईपर्यंत साठ दिवस, रोज चार लिटर, म्हणजे 240 लिटर एसीचं पाणी तीनशे लिटरच्या टाकीत जिरलं होतं. प्रत्येक मगातलं तांबं नगण्य, पण त्यातलं काहीच बाहेर पडलं नव्हतं.

हे ऐकून काका खुर्चीत बसले आणि बराच वेळ बोलले नाहीत. मी त्यांना सांगितलं ते तोंडदेखलं नव्हतं : ‘डिस्टिल्ड चालेल’ हे वाक्य माझं होतं. ते कुठून आणायचं हे मी सांगितलं नव्हतं, विचारलंही नव्हतं. दर पंधरवड्याला येऊन मी टाकी तपासत होतो आणि टाकीत पाणी कोण, कधी, कशातून घालतं हे दीड वर्षात एकदाही पाहिलं नव्हतं.

दुरुस्तीला वेळ लागला. पाव पाणी बदललं की तांबं पावच कमी होतं. चार वेळा बदलून 38 चं 12 वर यावं, तर दगड आणि वाळू शोषलेलं परत सोडत राहतात. तांबं धरणारी राळ पिशवीत भरून फिल्टरमध्ये ठेवली; ती भरत आली की काळपट पडते, मग नवी. वाळू पूर्ण काढली. सप्टेंबरमध्ये दुसरा अहवाल स्वच्छ आला, तेव्हा आधी दोन गोगलगायी सोडल्या आणि महिनाभर फक्त त्यांच्याकडे बघितलं. मूळच्या कोरलांतलं मोठ्या दगडाच्या सावलीत बोटाच्या पेराएवढं एक मश्रूम तेवढं वाचलं होतं.

यानंतर आमची कामाची पद्धत बदलली. कोरल जातंय असा फोन आला की त्या दिवशी आम्ही त्या घरी काहीही विकत नाही. ना बाटली, ना औषध, ना नवा दिवा. घाबरलेला माणूस सांगाल ते घेतो, आणि प्रत्येक नवी बाटली टाकीत आणखी एक अज्ञात वस्तू घालते. आधी घर बघतो. पाणी कुठून येतं, हवा कुठून येते, हात कुणाचे जातात. हे तीन प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर छापून घेतले आहेत आणि आमच्या दुकानातली मुलं घरातल्या प्रत्येक माणसाला वेगवेगळं विचारतात, कारण टाकी एकाची असली तरी सांभाळणारे तिघं असतात.

हवेचा प्रश्न पुढच्याच पावसाळ्यात उपयोगी पडला. ताळगावच्या एका फ्लॅटमध्ये एका संध्याकाळीत चार श्रिम्प गेले. पाणी निर्दोष. पाण्यातली घाण फेसावाटे काढणाऱ्या स्किमरची हवेची नळी बाल्कनीत सोडलेली होती, आणि त्या दिवशी खाली डासांसाठी धूर मारला होता. त्या औषधातले पायरेथ्रॉइड कोळंबीच्या जातीला फार घातक, आणि स्किमरचं कामच हवा बारीक करून पाण्यात घुसळायचं. आता त्या नळीला कार्बनची डबी लावून देतो. धुराच्या दिवशी स्किमर बंद. हातांचं म्हणाल तर डासांचं मलम लावलेला हात टाकीत घालू नका, एवढं सांगितलं की पुरतं.

आज आम्ही चौघं आहोत आणि एकेचाळीस टाक्या आमच्या देखरेखीखाली आहेत. वडिलांच्या दुकानाचा उरलेला अर्धा भागही आता आमच्याकडे आला आहे. स्विचबोर्डांच्या जागी कोरलांचे तुकडे वाढवायचे उथळ ट्रे आहेत. पर्वरीच्या त्या मश्रूमची आतापर्यंत अकरा झाली. त्यांतली दोन काकूंनी आम्हाला दिली, ती काउंटरजवळच्या टाकीत आहेत आणि विकायची नाहीत.

काल काकूंचा फोन आला होता. चवथीआधी घराला रंग काढायचाय, रंगारी सोमवारी येतात, हॉलपासून सुरू करू की शेवटी ठेवू? शेवटी ठेवा म्हटलं. रविवारी सकाळी मी प्लॅस्टिकचा ताव, ताजा कार्बन आणि हवेच्या नळीला जोडायला सहा मीटरचा पाइप घेऊन जातोय, तो स्वयंपाकघराच्या खिडकीतून मागच्या परसात सोडायचा आहे. काकांना म्हटलंय, रंगाच्या दिवसांत पाणी मी पाठवतो.