महेश्वरची वाट आणि स्टीलचं कॅरिअर

इंदूरहून महेश्वरला सायकलवर निघालो होतो. महू-मंडलेश्वर रस्त्यावरचा जुना जाम दरवाजा मागे पडला, घाटाची उतरण लागली आणि तिसऱ्या वळणावर सायकल डावीकडे ओढू लागली. उतरून पाहिलं, तर कॅरिअर सीटच्या दांडीभोवती फिरलेलं आणि बॅग चाकाला घासत होती.

एकाच क्लॅम्पवर तरंगणारं अ‍ॅल्युमिनियमचं कॅरिअर होतं ते. त्यावर १० किलोची मर्यादा लिहिलेली. मी १३ किलो लादले होते. त्यात खड्ड्यात चाक आदळलं की तेच ओझं क्षणभर कितीतरी पटींनी वाढतं. अर्धं सामान पाठीवर घेऊन मंडलेश्वर गाठलं. महेश्वरला घाटाच्या पायऱ्यांवर टेकलो तेव्हा समोर नर्मदा होती आणि खांद्यांवर पट्ट्यांचे वळ.

इंदूरला परतल्यावर पंधरा दिवस दुसरं काही सुचलं नाही, दिसेल त्या सायकलचं कॅरिअर वाकून बघत होतो. मागच्या एक्सलपाशी फ्रेमला आटे पाडलेली छिद्रं असतात. कॅरिअरचे पाय तिथे ५ मिमीच्या बोल्टने बसले की वजन थेट चाकावर उतरतं. सीटकडे जाणाऱ्या वरच्या पट्ट्या फक्त तोल सांभाळतात. पाय त्रिकोणात जोडलेले हवेत, नुसत्या उभ्या कांबी वळणावर डुलतात. आणि लांबी पुरेशी हवी. पॅनिअर, म्हणजे कॅरिअरच्या दोन बाजूंना लटकणाऱ्या बॅगा, मागे सरकवता आल्या नाहीत, तर दर पेडलला टाच लागते. डिस्क ब्रेक असेल तर कॅलिपरला, म्हणजे डिस्क पकडणाऱ्या भागाला, वळसा घालणारे पायही बघावे लागतात.

धातूवर मात्र माझं मत ठाम झालं: स्टीलच. अ‍ॅल्युमिनियम हलकं खरं, पण सतत हादरे खाऊन फारसं न वाकता अचानक तुटतं, आणि त्याचं वेल्डिंग प्रत्येकाला येत नाही. स्टीलची नळी महू-मानपूरकडचा ट्रॅक्टर दुरुस्त करणाराही जोडून देईल; ती पातळ असते, करंट कमी ठेवायला सांगायचं.

नवं स्टीलचं कॅरिअर बसवताना दुकानातले काका म्हणाले, "कॅरिअर नंतर तुटतं रे, आधी बोल्ट ढिले होतात." त्यांनी प्रत्येक बोल्टला स्प्रिंग वॉशर घातला आणि दोन जादा बोल्ट हातावर ठेवले.

पावसाळ्यानंतर तीच वाट धरली. तेवढेच १३ किलो, पण आता दोन बाजूंना सारखे वाटलेले. जाम दरवाजापाशी अ‍ॅलन की काढून चारही बोल्ट तपासले. डावा खालचा पाव फेरा फिरला. तो आवळला आणि घाट उतरलो.