तुम्ही बहिणीसाठी विचारलंत म्हणून: नैसर्गिक काही करून बघितलं नाही का?

लग्नात, हळदीकुंकवाला, भाजीच्या गाडीपाशी कुणीही माझी बोटं बघितली की विचारतं, "आमवाताला एवढ्या कडक गोळ्या कशाला? नैसर्गिक काहीतरी करून बघा की." करून बघितलंय. दोन वर्षं फक्त तेच केलं.

निर्गुडीच्या पाल्याचा शेक, सुंठीच्या काढ्यात एरंडेल, गुग्गुळ. दही बंद, आंबट बंद. शेकानं बरं वाटायचं, आजही वाटतं. पण सकाळी दोन-दोन तास मूठ वळायची नाही. दुधाची पिशवी दातानं फोडायचे. बांगड्या हातातून निघेनात, शेवटी कापून काढल्या. मग ओळखीतल्या एकांनी पुड्या आणून दिल्या आणि आठवड्यात मी भाकरी थापायला लागले! घरात सगळे खूश. दोन महिन्यांत चेहरा गोल सुजला, साखर वाढली. डॉक्टर म्हणाले, पुडीत स्टेरॉइड असणार. ते एकदम सोडताही येत नाही, हळूहळू उतरवावं लागलं.

त्याच वेळी ऱ्हुमॅटॉलॉजिस्टनी, म्हणजे सांधेवाताच्या डॉक्टरांनी, माझा एक्स-रे उजेडासमोर धरला. बोटाच्या मुळाशी हाडाची कड उंदरानं कुरतडलेल्या भाकरीसारखी दिसत होती. आपलीच प्रतिकारशक्ती सांध्याच्या अस्तरावर उलटते आणि ती सूज हाड खाते. शेकानं ठणका उतरतो, हे खाणं थांबत नाही. ती दोन वर्षं मला अजून सलतात, कारण गेलेली कड परत येत नाही.

आता मेथोट्रेक्सेट घेते, म्हणजे उलटलेल्या प्रतिकारशक्तीला आवर घालणारी गोळी, आठवड्यातून एकदाच. माझा वार रविवार. कॅलेंडरवर खूण करते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून पाकीट यांच्या कपाटात असतं. तिचा त्रास कमी करणारं फॉलिक ॲसिड दुसऱ्या वारी. गुण यायला दोन-अडीच महिने लागले, तेवढा धीर धरणं फार जड गेलं. सोमवारी मळमळतं, दर तीन महिन्यांनी लिव्हर आणि रक्तातल्या पेशी तपासायला रक्त द्यावं लागतं. त्रास आहे, नाही म्हणत नाही.

शेक सोडलेला नाही. सकाळी कोमट पाण्यात हात, संध्याकाळी चालणं, पानात बांगडा, हे सगळं चालू आहे. गुळवेल मात्र बंद केली. करोनाच्या काळात ती घेतलेल्या काही जणांच्या लिव्हरला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये छापलंय, आणि माझी गोळीही लिव्हरवर भार टाकणारीच. वैद्यांकडचं काहीही घेण्याआधी मी ते डॉक्टरांना दाखवते.

तुमच्या बहिणीला एवढंच विचारा: उठल्यावर बोटं मोकळी व्हायला किती वेळ लागतो? तासभर लागत असेल आणि सांधे सुजत असतील, तर पुढच्या महिन्यावर ढकलू नका. डॉक्टरांकडे एकटीला जायची भीती वाटत असेल तर मी येईन बरोबर. रविवार सोडून कधीही.